खोलीची शांतता

रात्री अडीचला ड्राइव्हवेवर टँकरने पाणी मारतात.
मालिबूमागच्या या डोंगरात आठ महिने थेंब नाही,
पण ओल्या डांबरावर दिवे खुलतात,
आणि गाडीतून उतरणाऱ्या मुलीला वाटतं
आत्ताच इथे काहीतरी होऊन गेलंय.

भिंतीवरची घड्याळं मीच उतरवली.
फोन एका पेटीत, पेटीची किल्ली माझ्या गळ्यात.
जेवण उशिरा. वाइन वेळेवर.

मार्लीस हुस्बी, सत्तावीस, नेब्रास्का,
दातांच्या दवाखान्यात कामाला.
म्हणाली, तू एकटीच माझ्याशी नीट बोलतेस, डेलिया.
तेव्हा माझ्या हातात तिचा कागद होता:
वडील मार्चमध्ये गेले. त्यांचा शेवटचा फोन हिने उचलला नाही.
समोर हिरव्या शाईत, ग्वेनचं अक्षर:
सातवा भाग.

सातव्या भागाला मी खुर्ची जवळ ओढली,
आवाज खाली आणला
आणि विचारलं, का गं नाही उचललास?
ती रडली. पोटातून, बाहीला नाक पुसत.
मी मान हलवत राहिले.
कानातल्या यंत्रात कुणीतरी म्हणालं, वा.

एडिटमध्ये त्या रडण्याच्या आधी ट्रेंट लागला,
दुसरीच्या मनगटात ब्रेसलेट अडकवताना.
‘त्याच्याशिवाय’ हे मंगळवारचं, तिच्या कुत्र्याबद्दल.
‘दिवसच सुरू होत नाही’ शुक्रवारचं, कॉफीबद्दल.
सांधा दिसू नये म्हणून मधे तिची पाठ.
डूल बदललेत. साठ लाख माणसांत
कुणाला दिसले नाहीत.

तिच्या आईचं पत्र आलं, रेघांच्या कागदावर:
हे रडणं त्या मुलासाठीचं नाही.
हे आमच्या घरचं आहे.
पत्र वकिलांकडे गेलं.

शूटिंग संपलं की त्या खोलीत
तीस सेकंद कुणी हलायचं नाही.
रिकामी शांतता रेकॉर्ड करून ठेवतात,
वाक्यांच्या फटी बुजवायला लागते.
त्या दिवशीही केली. कॅमेरावाले पुतळे झाले,
एक जण पाय अर्धा उचलूनच थांबला.
मार्लीसने माझं बोट धरलं.
मी ते सोडवून घेतलं नाही,
याचं श्रेय मला नको; हललं तर आवाज येतो.

ती शांतता पुढे आम्ही सगळीकडे वापरली,
ट्रेंटच्या कबुलीखाली, भांडणांखाली,
साखरपुड्याच्या समुद्राखालीसुद्धा.
हेडफोन लावून ऐकलं तर कळतं:
फ्रिज, लांबून जाणारा ट्रक,
आणि एकीचं चोंदलेलं नाक.