लिफ्ट दुरुस्ती

मिहानात लिफ्ट बंद पडली की ई-मेल येतो.
सदरात फोन.
इतवारीत धकाते छज्ज्यावरूनच ओरडतात,
"मोरेश्वर बे, अटकली नं पुन्हा!"

मिहानच्या गच्चीवर वारा एकटाच असतो,
समोरच्या काचेत विमान उतरतं,
कोणी मान वर करत नाही.
बर्डीवरच्या इमारती
किल्ल्याच्या टेकडीला खेटून उभ्या,
अजून जरा लाजतात;
खाली फूटपाथवर मोजे, शंभरला तीन.

इतवारीत आभाळ वीतभर,
त्यातही तारा, पतंगाचा सांगाडा,
अन् तिसऱ्या माळ्यावरून दोरीनं उतरणारी थैली.
थैलीत माझी मजुरी,
वर एक संत्रं.

मिहानचं बिल
दिवाळीपासून
सहाव्या मजल्यावर आहे.
लिफ्ट तर चालू आहे.