ओपानिन ब्रेम्पाँ अजून उघडेच आहेत

आदुमच्या गल्लीत, घड्याळवाला आणि विगवाली
यांच्या मधे माझी अडीच फुटांची टपरी.
आंटी सेरवा लॅपटॉप घेऊन आली,
आजारी कोंबडी धरावी तसा, काखेत.
"याच्यात आता राम नाही," म्हणाली.
राम आहे, आंटी. रॅम नाही.
चार जीबीत किती माणसं झोपवणार?

ती मयताची पोस्टरं करते.
कुमासीत शनिवार म्हणजे काळं-लाल कापड,
भाड्याच्या खुर्च्या, मोठे भोंगे,
आणि भिंतीभिंतीवर तिने सजवलेले चेहरे:
मागे ढग, कडेला कबुतरं,
खाली मुलं, सुना, नातवंडं, लंडनची भाची.

टास्क मॅनेजर उघडायलाच चार मिनिटं.
तेवढ्यात समोरून भाजलेलं केळं आलं,
अर्धं तिने मला दिलं.
मेमरी: शहाण्णव टक्के.
पंखा असा घरघरला की घड्याळवाल्याने विचारलं,
उडणार का हे?

मी समजावलं. रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट.
टेबल भरलं की मशीन एकेक कागद
कपाटात कोंबतं, लगेच परत काढतं,
कोंबतं, काढतं,
काम शून्य, धावपळ फार.
"माझा मेव्हणा," ती म्हणाली.

मग बसलो साफसफाईला.
ब्राउझरमध्ये त्रेपन्न टॅब, त्यातले सोळा नुसते ढगांचे.
दोन अँटीव्हायरस, एकमेकांवरच पाळत ठेवून.
मशीन जागं व्हायच्या आत अंथरूण सोडणारे नऊ प्रोग्रॅम.
प्रिंटर तिने तीन वर्षांपूर्वी विकला,
त्याचा मदतनीस मात्र रोज हजेरी लावत होता.
त्याला म्हटलं, बाबा, झोप आता.

एक्क्याऐंशीवर येऊन गाडं अडलं.
यादीत सगळ्यात वर एक फाइल, पाय पसरून.

"तिला हात लावू नकोस."

ओपानिन ब्रेम्पाँ.
वय एक्क्याण्णव. धाकट्या घराच्या मते चौऱ्याण्णव.
दोन बायका, अकरा मुलं,
आणि कुणाचं नाव आधी, यावर नऊ महिने खल.
नऊ महिने म्हातारा शवागाराच्या थंडीत,
नऊ महिने इथे, उघडा, हसरा.
दर फोनला नवा क्रम. जुना पुसायची तिची हिंमत नाही,
कारण परवा नको असलेलं
उद्या पुन्हा हवं असतं.
चाळीस लेयर. चाळीस कुटुंबं, एकच म्हातारा.

"मशीन शेवटचं कधी बंद केलंस?"
ती गप्प.
लाइट जायची, यायची,
ती नुसतं झाकण मिटून उशाशी घ्यायची.
"बंद केलं आणि परत उठलंच नाही तर?"

मी चाळीस क्रम चाळीस फायलींत वेगळे मांडले,
पेनड्राइव्हवर एक प्रत, माझ्या फोनवर एक,
तिच्या मुलीच्या ईमेलवर एक.
मग रीस्टार्ट.
पडदा काळा झाला तशी
तिने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.
विगवालीनेही कंगवा थांबवला.

अडतीस टक्के.
पंखा गप्प, इतका की
शेजारची घड्याळं ऐकू आली,
एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.
ओपानिन अकरा सेकंदांत उघडले,
तेच ढग, तेच हसू, एकच क्रम.
मी आणि तिने त्यांच्याकडे पाहिलं.
मग तिने स्वतः, एका बोटाने, फाइल मिटली.

पैसे देताना घासाघीस केली, ते वेगळं.

शुक्रवारी फोन आला.
नावं ठरली? छे. आता वयावर आलेत.
"भांडू देत," म्हणाली, "त्यांच्या टेबलावर."
तक्रार एकच आहे तिची:
केळं अजून अर्धंही होत नाही,
तोवर ओपानिन हजर.