पेल्याची कड

वुल्वरहॅम्प्टन. सेंट ओस्वाल्डच्या चर्चमध्ये
प्रभुभोजनाची रांग आपोआप लागायची:
आधी गोरे, मग आम्ही,
आणि सगळ्यांत शेवटी जमैकाची इसिल्डा.
आठवडाभर बस डेपोत फरशा पुसणारी,
रविवारी मात्र पिवळी हॅट.

मधलं ते "आम्ही" म्हणजे मी एकटीच.
जालन्याची, इथे रात्रपाळीची नर्स.
माझ्या पणजोबांना पाणी वरून ओतत, ओंजळीत.
धार तुटली की तहान भागली असं समजायचं.
म्हणून तर ते ख्रिस्ती झाले.
आणि मी तिच्यापुढे एक पाऊल सरकून उभी,
बारा वर्षं.

पेला फिरवायचे मिस्टर हॉस्किन्स.
प्रत्येकानंतर कड पुसायचे,
इसिल्डानंतर दोनदा.

फेब्रुवारीत त्यांची बायको गेली.
पुढच्या रविवारी ते स्वतःच रांगेत, पार मागे.
हात असे कापत होते
की पाळकबाईंनी पेला इसिल्डाकडेच दिला.
तिनं आपला घोट घेतला,
मग त्यांच्या ओठांना लावला,
हनुवटीखाली तळवा धरून,
तापातल्या पोराला औषध पाजतात तसा.
इस्त्रीचं फडकं कठड्यावर तसंच राहिलं.

नंतर चहाला कोणी फार बोललं नाही.
बिस्किटं सादळली होती.

त्यापुढच्या रविवारी मी तिच्या मागे उभी राहिले.
ती वळून म्हणाली, "आज उशीर झाला वाटतं?"
मी म्हटलं, हो,
फारच.