जंबेरी

जेसीबीवाला नाही म्हणाला होता.
ओळी जवळजवळ, बांध मोडेल, पाइपलाइन वरवर पुरलेली.
म्हणून अंबडच्या पुढून मला फोन.
माझा ट्रॅक्टर छोटा, दोन झाडांच्या मधून सुटतो,
मागं बॅकहो, पेटीत एका दाताचा रिपर.
एकशे बारा बुडखे.
डिझेल माझं, चहा रुस्तुमरावांचा.

बुडखा ओढून निघत नसतो.
नवी पोरं साखळी बांधतात, गिअर टाकतात,
मग पुढची चाकं आभाळ बघतात.
आधी पाय टेकवायचे मुरमावर,
बकेटनं तीन बाजू उकरायच्या,
चौथी ठेवायची, रेट्याला काहीतरी लागतंच.
मग बकेट उतरवून रिपर.
दोन पिना, एक हातोडा, चार शिव्या.
एकच दात, पुढं वाकलेला,
म्हाताऱ्याच्या तोंडात शेवटी उरतो तसा,
आणि तेवढाच हट्टी.
मुळाच्या पाठीमागं घालून आपल्याकडं ओढायचा.
तुटताना आधी आवाज येत नाही.
आधी सीट हलते.
मग कट्.

पहिल्या दिवशी चाळीस निघाले,
मुळांत गुंतलेल्या ठिबकच्या नळ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी आसराबाई आली,
रुस्तुमरावांची थोरली बहीण. नर्सरीत जन्म गेलेला.
उपटलेल्या बुडख्यापाशी बसली,
अंगठ्यानं माती खरवडली.
"हे बघ. इथं."
जमिनीपासून वीतभर वर एक वळ.
वरची साल निराळी, खालची निराळी,
फाटक्या बाहीला दुसरंच कापड जोडावं तशी.
"वर मोसंबी. खाली जंबेरी.
मोसंबीच्या मुळाला दम नाही ह्या मातीत.
जंबेरी बोटाएवढी झाली की चीर द्यायची,
डोळा भरायचा, पट्टी बांधायची.
डोळा लागला की
जंबेरीचं मुंडकं छाटून टाकायचं.
ह्या समद्यांचे डोळे मीच भरलेत. दिसाला तीनशे."

मला वाटलं, आता हिचे भरणार.
तिनं माझ्या ट्रॅक्टरकडं हात केला.
"बंद कर की ते. उगं पैसे चढायलेत."

म्हणजे दोन दिवस
पावती मोसंबीची
आणि झुंज भलतीशीच.

कोपऱ्यातला शहाऐंशीवा बुडखा फुटला होता.
काटेरी फोक, गडद पानं,
वर सात-आठ फळं, बेडकाच्या पाठीसारखी खरबरीत.
मोसंबी वाळून चार उन्हाळे झाले होते.
मुंडकं छाटलेलीनं
आता कुठं स्वतःचं काही धरलं होतं.
मी रिपर वर उचलून तसाच धरला.
अशा वेळी माणसं म्हणतात, हे एक राहू द्या.
"थांबलास कामून?" आसराबाई म्हणाली.
"काढ. फळं तेवढी उतरवू दे. बी लागतंय रोपाला."
खताच्या गोणीत एकेक टाकली.
मनगटाला काटा ओरबाडला तो तिनं चोखला,
थुंकली, बाजूला झाली.

शहाऐंशीनं सवा तास खाल्ला.
एक पाइप फुटला, गरम तेल शर्टावर.
रुस्तुमराव घड्याळ बघत उभे.
शेवटी सोटमूळ वर आलं तेव्हा
टोकाशी चुनखडीचा खडा होता, मुळांनी आवळलेला,
लेकरू झोपेत नाणं धरतं तसा.
तो मी हातानं सोडवायला गेलो. सुटला नाही.
तसाच ढिगावर टाकला.

निघताना तिनं एक फळ माझ्या पेटीत टाकलं.
"खाऊ नको. दात आंबतील. असू दे."

रात्री घरी
सतरा नंबरचा पाना शोधत पेटीत हात घातला,
ग्रीसमधून वास आला, पिवळाधमक,
नख सालीत रुतलं
आणि तुषार थेट डोळ्यात.
बायको दारातून म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
पाना सापडत नाही.