पश्चिमेस : समुद्र

तांबळडेगला कुबलांच्या जमिनीची मोजणी होती,
अतितातडीची फी भरलेली.
खरेदीखतात चतुःसीमा अशा :
पूर्वेस सावळाराम कुबल यांचा हिस्सा,
दक्षिणेस वहाळ, उत्तरेस पायवाट,
पश्चिमेस समुद्र.

पूर्वेला गडगा वीतभर सरकला
म्हणून अकरा वर्षं दावा चाललाय,
दोन चुलत घरं एकमेकांच्या मयताला जात नाहीत.
पश्चिमेला कुणाची हरकत नाही.
नोटीस घ्यायलाही कुणी नाही तिकडे.

साडेचारला मशीन मांडलं.
झेंडी घेऊन धाकू कुबल पाण्याकडे निघाला.
घोट्याइतका, पोटरीइतका.
मी ओरडलो, थांबा!
तो म्हणाला, "खय थांबू, ता सांगा."

आणि मला सांगता येईना.
भरतीची रेषा धरावी म्हणतात.
कुठल्या भरतीची? अवसेच्या, की कालच्या?
रेषा म्हणजे शेवाळाचा फाटका पट्टा,
त्यात सुरूची बोंडं, डाव्या पायाची चप्पल, थर्माकोल,
आणि कुर्ल्यांनी वळून ठेवलेल्या वाळूच्या गोळ्या,
पुढच्या लाटेत जाणाऱ्या.

ओहोटी लागेपर्यंत बसू म्हटलं. बसलो.
काळोख झाला.

धाकू सत्तरीचा, रापण ओढून खांदे उतरलेले.
तरणा असताना एकदा इंजिन बंद पडलं होतं, तीन दिवस.
"जमीन दिसा नाय. सगळीकडे गोल कड,
आणि आपण बरोब्बर मधी.
दुसरी होडी दिसली, लांब.
म्हटलंय, तेतूरलो माणूस पण सोताक मधीच समाजत आसतलो.
माका राग इलो, सायबा.
मध्य एकच असाक होयो मा?"
मग बराच वेळ काही नाही.
"होडी चलता तशी कड चलता," एवढंच.

समोर दिव्यांची रांग.
"एलईडीवाले," म्हणत तो थुंकला,
"बियाक पण मासो ठेवूचे नाय."
मी सवयीनं मोजले. सतरा.
थोड्या वेळानं सोळा.
एक बुडाला होता, म्हणजे तो तारा होता.
उरलेल्यांचं मी कुणाला काय लिहून देणार?

थोरली मुलगी हेच शिकते.
फोनवर म्हणाली होती, बाबा, असंही असेल
की विश्व मोजकंच आहे, आणि त्याला कड नाही.
मी म्हटलं, आमच्या खात्यात हे चालायचं नाही.
क्षेत्र आहे आणि हद्द नाही?
असा उतारा निघत नाही.

धाकूच्या हातात जाळ्याची जुनी बोय होती, चेंडूएवढी.
बॅटरीच्या उजेडात तिच्यावर एक मुंगी.
निघाली, खालून गेली, वर आली,
पुन्हा निघाली. कुठे अडली नाही,
कुठे पोचली नाही.
क्षेत्र आहे, हद्द नाही.
पण बोय तर धाकूच्या तळहातावर होती,
आणि धाकू काळोखात.

किंवा दुसरंच काही असेल :
साखळी टाकत जायचं, टाकत जायचं,
झेंडीवाला दिसेनासा होतो
आणि तरी ऐकू येत राहतं, आणखी पुढे, आणखी.

दहाच्या सुमाराला पाणी वळलं.
धाकू उठला, गुडघ्यावर हात टेकून,
बॅटरी घेऊन ओल्या वाळूवर चालू लागला.
"हंय?"
आणखी थोडं.
"हंय?"
मी उत्तर दिलं, ते त्याच्यापर्यंत गेलं नसावं.
समोर पुन्हा सतरा दिवे होते.

नकाशात तीन बाजू ओढल्या, चौथी उघडी ठेवली.
पंधरा दिवसांनी फाईल परत आली.
लाल शाईत शेरा :
पश्चिम हद्द कायम करून फेरसादर करावे.

तारीख घातलीय, येत्या एकादशीची.
धाकूला निरोप धाडलाय,
झेंडी आणा,
आणि बॅटरीत नवे सेल घाला.