चार नंबरच्या खाटेचा कठडा

आमच्या वेंगुर्ल्यात लोखंड म्हातारं व्हायला
तीन पावसाळे पुरतात.
मी खाटा करतो, कपाटं, शाळेची बाकं.
रंगाखाली खारा वारा कसा शिरतो
ते मला विचारा.

म्हणून डॉक्टर काझी म्हणाल्या,
'कठडे, दारांच्या मुठी, सलाइनचे दांडे,
हात जिथे जिथे जातो तिथे तांबं,'
तेव्हा मी आधी भाव सांगितला, मग हसलो.
त्या हसल्या नाहीत.
'स्टीलवर जंतू दिवसचे दिवस बसून राहतो, मोर्जे.
तांब्यावर त्याला रात्रही काढवत नाही.'

पत्रा कोल्हापुराहून आला, एसटीच्या टपावरून.
नळीवर गुंडाळला, डाग देऊन कडा सांधल्या.
पहिल्या आठवड्यात वॉर्ड असा उजळला
की पेशंट आपापले चेहरे बघत पडून राहिले.

मग समुद्र कामाला लागला.
तांबं तपकिरी झालं, काळवंडलं,
सांध्यांत हिरवं फुटलं.
सफाईच्या तुळसाबाई घरून आमसुलं घेऊन आल्या:
'देवाच्या समयेक लावतंय, ह्येका कित्या नको?'
काळं पडलं तरी त्याचं काम चालूच असतं, बाई,
डॉक्टरांनी समजावलं.
तुळसाबाईंना पटलं नाही.
भांडं काळं म्हणजे बाई आळशी, एवढं त्यांना ठाऊक.

वर्षाने मी स्क्रू आवळायला गेलो.
चार नंबरच्या खाटेचा कठडा सगळा काळा
आणि उशाकडे, उभ्या माणसाचा हात सहज टेकेल तिथे,
वीतभर तांबं लखलखीत.

पेशंटचा हात तिथवर पोचत नाही.

म्हणजे सोबतीला आलेल्यांचा.
कुणी ट्रॉलरवरून तसाच आलेला, अंगाला डिझेलचा वास,
कुणी शिरोड्याची, मिठाने चिरलेल्या बोटांची,
कुणी रात्रभर नुसता उभा.
काय काय ठेवून गेले असतील तिथे,
ताप, खोकला, नवस.
जंतूंचं तांब्याने बघितलं.
नवसाचं मला माहीत नाही.

शेवटी तुळसाबाईंनी आमसुलं लावलीच,
पण तेवढी वीत सोडून.
'तो तुकडो आधीच घासलेलो आसा.'

बिलाची फाईल अजून ओरोसला अडकली आहे.
विचारायला जातो मी महिन्या-दोन महिन्यांनी,
परतताना वॉर्डात डोकावतो.
खाट भरलेली असली तर बाहेरूनच.
रिकामी असली
तर जरा उभा राहतो,
कुठे धरायचं ते हाताला सांगावं लागत नाही.