मुद्देमाल : दोर, एक

रायपाणी बीट. फागुनातली अवस.
तिघं मोहोळावर गेले, दोघं परत आले.
पोलीस धारणीहून निघाले होते म्हणे,
तोवर मी, बीटाची गार्ड,
कार्बन घालून चुलीपाशी बसले.

पहिला जबाब शिकारी कासदेकरचा. हा वर होता.
मुन्शीचा साळा.
इथं दोर साळ्यानंच धरायचा असतो,
बहिणीचं कुंकू कोण हातचं सोडेल?

"दोर म्या धावड्याले बांधला. तीन वेढे.
एक झटका म्हंजे ओढ, दोन म्हंजे ढील.
हे आमच्या बापापासून.
कोंबडा बोलाच्या आंधी मले दोन झटके आले.
दोन, बाई. मोजून.
म्या ढील देल्ली.
मंग दोर हलका झाला.
येवढा हलका, का मले वाटलं
थो कपारीवर टेकला,
आता दुसरं पोळं कापते."
किती वेळ वाटलं तसं?
"एक बिडी."
ओढलीस बिडी?
"नाई. पेटोली नोती."

दुसरा तुमला बेठेकर, मुन्शीचा धाकटा भाऊ.
मधल्या कपारीत, धुराचा पेंडा घेऊन.

"एकच झटका, बाई.
म्या पायला. दोर माह्या नाकापुढून जात होता.
दादा ओढ म्हने, आन् यानं सोडला."
अवसेला दोर दिसला?
"पेंड्याच्या उजेडात."
पेंडा तर आधीच पडला म्हणालास.
बराच वेळ तो चुलीतलं लाकूड बघत राहिला.
"आवाज आला दोराचा."
मग, आणखी हळू,
"वास आला."

मी खोडलं नाही. तिन्ही लिहिलं.

वेळा जुळत नव्हत्या. एकाचा कोंबडा,
दुसऱ्याचं चित्तर.
शिकारी म्हणे, तो ओरडलाच नाही.
तुमला म्हणे, सुगरतीचं नाव घेतलं.
डबा तेवढा दोघांचाही सारखा :
तेलाचा, पंधरा किलोचा, अर्धा भरलेला,
खाली करवंदीत अडकलेला, झाकण शाबूत.

सही येत नाही म्हणून अंगठे.
शिकारीचा स्वच्छ उठला, रेघन् रेघ.
तुमलाचा डावा डंखांनी सुजलेला,
कागदावर नुसता डाग.
मी म्हटलं, उजवा दे.
त्यानं उजवी मूठ उघडली नाही.

सुगरती चुन्याची डबी घेऊन आली.
सकाळपासून भिंतीला टेकून
तिनं दोन्ही जबाब ऐकले होते.
दिराची मूठ मांडीवर घेऊन
तिनं एकेक बोट सोडवलं, शेंग सोलावी तसं.
तळहातावर, करंगळीपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत
तिरपी, दोराएवढ्या रुंदीची, भाजल्यासारखी रेघ.
त्या रेघेत पळसाच्या मुळीचा एक धागा.

तिनं पाहिलं. मी पाहिलं.
शिकारी बिडी शोधत होता.

दोर सुटला म्हणून यानं धरला,
की यानं धरला म्हणून सुटला,
हे रेघ सांगत नाही.
आणि दोघंही खरंच बोलत असतील
तर दुसरा झटका कुणाचा,
असा रकाना छापील नमुन्यात नाही.

तिनं धागा उपसला, चुलीत टाकला.
रेघ चुन्यानं भरून काढली,
वर आणखी एक थर.
"माश्याईनं लय चावलं याले,"
ती म्हणाली. मला की भावाला,
की आणखी कुणाला, कळलं नाही.

मी लिहिलं : उजव्या हातास दंश.

आता दोर रेंज ऑफिसात आहे, खिळ्याला,
कागदाची चिठ्ठी बांधून.
मध मुरलेला. रोज सकाळी
मुंग्या जमिनीवरून त्याला धरतात, वर जातात.
साहेब म्हणतात पावडर टाका.
मी टाकत नाही.
डबा खात बसते, आणि बघते,
मध्येच एखादी थांबते,
वरून उतरणारीच्या तोंडाला तोंड लावते,
काहीतरी सांगते,
मग दोघी
आपापल्या वाटेनं.